एका रहाटाचे दोन आवाज

स्वप्ना मेस्त्री आमच्या शाळेत संगणक शिकवायला आली तेव्हा माझ्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती आणि तिच्या नोकरीला जेमतेम सव्वीस मिनिटं. फाटकापाशीच तिनं मला गाठलं. "बाई, रहाटाचं चाक कुठे ठेवलंय? एसटीत एक आजी सांगत होत्या, ह्या शाळेत आहे म्हणून." संगणकाची खोली कुठे आहे हे तिनं विचारलंच नाही.

२००२ सालचा जून होता. मी आशालता राऊत, आगाशीजवळच्या त्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होते. पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यात एक खोली मी वर्षानुवर्षं भांडून मिळवली होती. तिथे गावोगावहून आणलेल्या वस्तू होत्या. मिठागरातलं लाकडी फावडं, पितळेची मापटी, लग्नात वाजवायचं एक घुमट, सुकवलेली केळी, म्हणजे सुकेळी, बांधायच्या केळीच्या सोपटांची भेंडोळी, आणि भिंतीला टेकवलेलं, माझ्या खांद्याएवढं उंच असं रहाटाचं दातेरी चाक. प्रत्येक वस्तूपुढे माझ्या अक्षरातलं एकेक कार्ड. मुलं वर्षातून एकदा रांगेनं यायची, बघायची आणि रांगेनंच परत जायची. एका मुलानं एकदा मला विचारलं होतं, "बाई, ह्यातलं परीक्षेला काय येणार?" त्यानंतर मी फार काही सांगायचं सोडून दिलं होतं.

स्वप्ना चाकापुढे उकिडवी बसली आणि तिनं एका दातावरून अंगठा फिरवला.

"दात खैराचे आहेत आणि चाक सागाचं," ती म्हणाली. "म्हणजे झिजले की नुसते दात बदलायचे, चाकाला हात लावायचा नाही. हुशार होता करणारा."

तिचे वडील कुडाळला सुतारकाम करायचे हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी मी जरा ओशाळले. अकरा वर्षं ते चाक माझ्यासमोर होतं आणि त्यात दोन प्रकारचं लाकूड आहे हे मला दिसलं नव्हतं.

तिनं कार्ड वाचलं. 'रहाटाचे चाक. तुस्कानो कुटुंबाच्या विहिरीवरील. देणगीदार : लुईस तुस्कानो, १९९१.' मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्याचा आवाज कसा होता?"

"आवाज कार्डावर कसा लिहिणार?" मी म्हटलं.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

स्वप्ना तुळिंजला राहायची, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आधी अंधेरीच्या एका कंपनीत औषधांच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होती. मुलगी झाल्यावर ती नोकरी सोडली आणि दोन वर्षांनी आमच्याकडे कंत्राटावर लागली. आमच्याकडे सहा संगणक होते. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, चपला बाहेर काढून आत जायच्या खोलीत. मुलं त्यावर चौकोन आणि गोल काढायला शिकायची. तिनं चौकोन-गोल शिकवले, पण ऑगस्टमध्ये एका शनिवारी शाळा सुटल्यावर मला खोलीत बोलावलं आणि म्हणाली, "बसा. काही दाबू नका, आधी नुसतं बघा."

पडद्यावर एक फडताळ होतं. बारा खणांचं, रेघांनी काढलेलं. एका खणात माझं पितळेचं मापटं. तिनं त्यावर बोट नेलं, म्हणजे माउसचा बाण नेला, आणि मापटं मोठं होऊन समोर आलं. खाली मराठीत दोन ओळी उमटल्या. आणि मग शाळेचे शिपाई फर्डिनंडमामा बोलायला लागले! "हे मापटं माझ्या आईचं. तांदूळ मोजताना ती पहिलं माप 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची..."

मी झटकन दाराकडे बघितलं. मामा तर खाली घंटेपाशी होते.

"हे तू केलंस?"

"सांगाडा मी केला. भरलं आठवीतल्या पोरांनी. मला तेच करायचं होतं, बाई. कुणालाही भरता आलं पाहिजे. हे बघा, 'चित्र जोडा', 'आवाज जोडा', 'ओळी लिहा'. बस. मी भरलं तर ती माझी सीडी होईल. त्यांनी भरलं तर त्यांची गोष्ट होईल."

फडताळाला 'बोलकं फडताळ' हे नाव मुलांनीच दिलं. आज हे सगळं कुणाच्याही फोनवर होतं, त्यामुळे त्यात एवढं काय असं वाटेल. पण तेव्हा एक छायाचित्र संगणकात घालायचं तर विरारच्या फोटो स्टुडिओत जाऊन ते स्कॅन करून आणावं लागे. आवाज शाळेच्या टेपरेकॉर्डरवर घ्यायचा आणि मग वायर जोडून संगणकात उतरवायचा. वीज जाई ती निराळीच. आणि मराठी! खोलीतल्या संगणकावर नीट दिसणारं 'रहाट' मुख्याध्यापकांच्या संगणकावर गेलं की त्याचे कंस आणि टिंबं होत. मी तर हातच टेकले असते. स्वप्नानं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "ठीक आहे, अक्षरं टिकत नसतील तर अक्षरांचं चित्र करू. चित्र कुठेही फुटत नाही." तिनं सॉफ्टवेअरला तेही शिकवलं. मूल ओळ लिही आणि यंत्र गुपचूप तिचं चित्र करून ठेवी. मुलांना ह्याचा पत्ताही लागला नाही.

पण मला तिचं सगळ्यात कौतुक वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मुलांना मुलाखतीला पाठवण्याआधी ती त्यांना गप्प बसायला शिकवायची. खरंच, तासच्या तास. "प्रश्न विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. समोरचा थांबला तरी मोजा. खरी गोष्ट सातव्या-आठव्या आकड्याला येते." मी सव्वीस वर्षं मुलांना गप्प बसवत आले होते, पण कशासाठी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

रहाटाचं चाक विनीनं मागून घेतलं. विनी तुस्कानो आठवीत होती, दोन वेण्यांची, सडसडीत, वर्गात फारसं न बोलणारी. लुईसकाका तिचे आजोबा, म्हणून मला ते सोयीचंच वाटलं. चौथ्या दिवशी ती कॅसेट घेऊन आली. लुईसकाकांनी झकास सांगितलं होतं. त्यांच्या आज्यानं विहीर कशी खणली, माणिकपूरहून सुतार कसा आणला, रहाटाची मडकी एकापाठोपाठ कशी वर यायची, पाटानं पाणी मोगऱ्याला आधी आणि केळींना नंतर का द्यायचे. मधेच त्यांनी रहाटाचा आवाज तोंडानं काढून दाखवला होता, "कुईं... कुईं... कुट्. कुईं... कुईं... कुट्." तो ऐकून स्वप्ना खुर्चीतून उठलीच. "हाच! हाच विचारत होते मी तुम्हाला पहिल्या दिवशी."

विनी मात्र उभीच राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"बाई, मी विचारलं, विहीर आपली तर मग बांधापलीकडचे नथूबाबा आपल्याशी का बोलत नाहीत? आजोबा म्हणाले, टेप बंद कर." ती थांबली. "मी दहापर्यंत मोजलं. मग ते म्हणाले, 'त्यालाच विचार.' ते रागानं म्हणाले, पण म्हणाले. मी विचारू?"

गावात सगळ्यांना माहीत होतं. तुस्कानोंची वाडी आणि नथू भोईर यांची वाडी एकमेकांना लागून. मधे विहीर. बहात्तरच्या दुष्काळात रहाट काढून तिथे इंजीन बसवलं आणि पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. लग्नाला नाही, मयताला नाही. तीस वर्षं.

"काही नको," मी म्हटलं. "झालंय ते छान झालंय."

संध्याकाळी स्वप्ना विनीच्या आईला भेटून परवानगी घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आम्ही दोघी रविवारी सकाळी जातोय. तुम्ही आलात तर बरं वाटेल." मला भीती वाटत होती, म्हणून मी गेले. काही वेडंवाकडं झालं तर निदान वयानं मोठं माणूस असावं.

नथूबाबा ओटीवर वाल सोलत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, अंगात बंडी, कान जरा मंद. त्यांनी विनीकडे बघितलं, तिच्या हातातल्या टेपकडे बघितलं.

"तुस्कानोची पोर ना तू? माझ्या ओटीवर?"

"हो," विनी म्हणाली. "रहाटाचं विचारायला आलेय."

बराच वेळ नथूबाबा वाल सोलत राहिले. विनीचे ओठ हलत होते. ती मोजत होती. मग त्यांनी टोपली बाजूला सरकवली आणि म्हणाले, "बस."

पण बोलायला सुरुवात त्यांनी माझ्यापासून केली.

"बाई, तुमच्या कार्डावर काय लिवलंय ते मला ठाव हाय. माझा नातू शालेत होता तवा वाचून आलता. तुस्कानोची विहीर. म्हनून मी कदी तुमची खोली बघाया आलो नाय."

कार्ड लिहिताना मी देणाऱ्याला विचारलं होतं, शेजाऱ्याला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग ते विनीशी बोलले. पाऊण तास. जागा भोईरांची, खणली त्यांच्या आज्यानं आणि दोन भावांनी. "सोला हात गेले तरी पानी नाय. सतराव्या हाताला माती वली लागली, तवा आजा खाली बसून रडला." लाकूड मात्र तुस्कानोंनी आणलं. "ते मी नाकारत नाय. लाकूड त्यांचं, सुतार त्यांचा. पन नुसत्या लाकडाला पानी लागतं का, सांग?" मग बैलांबद्दल, पावसाळ्यात रहाट उतरवून ठेवायच्या दिवसाबद्दल, दोन्ही घरच्या बायका त्या दिवशी चाकाला तेल कसं लावायच्या त्याबद्दल. निघताना त्यांनी विनीच्या ओंजळीत सोललेले वाल घातले. घरी ती काय सांगणार होती, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "आता खरं काय ते शोधायला हवं."

मी शोधलंही. तलाठ्याकडे दोन खेपा घातल्या. सात-बाराच्या उताऱ्यावर विहीर सामाईक लिहिलेली होती. त्याआधीचे कागद वाळवीनं खाल्लेले. विहीर कुणी खणली हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मी ते मुख्याध्यापकांना, गॅब्रिएल परेरा सरांना सांगितलं. सर शांत माणूस. ते म्हणाले, "राऊतबाई, मग विहिरीचा उल्लेखच गाळून टाका. फक्त चाक ठेवा, लाकूड, दात, मडकी. गॅदरिंगला अख्खं गाव येणार आहे. वाद नको."

मला ते पटलं. खरंच पटलं. इतिहासाच्या शिक्षिकेला एका वस्तूचं एक उत्तर लागतं, आणि ते नसेल तर मोकळी जागा बरी, असं मी आयुष्यभर मानत आले होते.

स्वप्ना म्हणाली, "सर, वाद आपण आणलेला नाही. तो तीस वर्षं तिथेच आहे. आपण फक्त एकाच बाजूचं लिहून ठेवलं होतं." मग ती माझ्याकडे वळली. "आणि बाई, चूक तुमच्या एकटीची नाही. माझीही तीच झाली. मी फडताळ बनवताना एका वस्तूला एकच आवाज असं धरून चालले. दुसऱ्या आवाजाला जागाच ठेवली नाही. आता जोडायचा म्हटला तर जोडता येत नाही."

"मग?" सरांनी विचारलं.

"मग परत बनवायचं."

"किती दिवस लागतील?"

"दिवाळीची सुट्टी मला द्या. खोलीची किल्ली द्या."

सरांनी किल्ली दिली, पण अट घातली. "गॅदरिंगच्या आधी मी स्वतः दोन्ही ऐकीन. अपमानाचा एक शब्द असला तर काढायचा."

त्या सुट्टीत ती रोज सकाळी तुळिंजहून मुलीला घेऊन यायची. मुलगी माझ्या खोलीत मापट्यांशी खेळायची आणि मी तिला सांभाळायचे, तेवढंच माझं काम. अधूनमधून मी स्वप्नाच्या पाठीमागे जाऊन उभी राहायचे. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळींवर ओळी. मला त्यातलं काहीच कळायचं नाही. पण एक दिवस ती हात थांबवून बसलेली दिसली.

"अडलंय?"

"एवढंसं आहे, पण अडलंय. दोन आवाज झाले. आता आधी कुणाचा? वरचं बटण कुणाचं आणि खालचं कुणाचं? ज्याचं वर त्याचं खरं असं लोकांना वाटणार."

"देणगीदाराचं वर ठेव," मी म्हटलं.

"मग नथूबाबा पुन्हा यायचे नाहीत."

तिनं तोड काढली ती मला अजून कुणालातरी सांगावीशी वाटते. तिनं वर-खाली काढूनच टाकलं. खण उघडला की यंत्रच मनातल्या मनात नाणं उडवायचं आणि कुणाचाही एक आवाज आधी लावायचं. कधी ह्यांचा, कधी त्यांचा. आणि तो संपला की दुसरा ऐकल्याशिवाय पुढचा खण उघडायचा नाही. "घाई असेल त्यानं खण उघडूच नये," ती म्हणाली. एवढ्या मऊ बोलणाऱ्या मुलीचं ते वाक्य ऐकून मला हसू आलं.

परेरा सरांनी कबूल केल्याप्रमाणे दोन्ही आवाज ऐकले. डोळे मिटून, हेडफोन लावून. एकही शब्द काढायला सांगितला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "दोघंही खोटं बोलत नाहीयेत, नाही का?"

जानेवारीत गॅदरिंग झालं. संगणकाची खोली दिवसभर उघडी, सहा संगणक, सहा हेडफोन, प्रत्येकापाशी एक मूल. मी धोरणीपणा करून लुईसकाकांना दहाची वेळ दिली होती आणि नथूबाबांना तीनची. लुईसकाका दहाला आलेच नाहीत. नातीचा नाच तीनला, म्हणून तेही तीनलाच आले, कोट घालून. मी दारात उभी होते. एका बाजूनं कोट आला आणि दुसऱ्या बाजूनं बंडी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकमेकांना दिसलेच नाहीत असे आत गेले.

विनीनं दोघांना दोन शेजारच्या संगणकांवर बसवलं. तिनं ते मुद्दाम केलं की तिथेच जागा होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. दोघांच्या कानांवर हेडफोन. दोघांनीही रहाट उघडला. खोलीत बाकीची माणसं होती, पण माझं लक्ष त्या दोन म्हाताऱ्या मानांवर.

काही वेळानं लुईसकाका आपल्या बाजूच्या मुलाला मोठ्यानं म्हणाले, कारण कानात हेडफोन असला की सगळेच मोठ्यानं बोलतात, "बघ, माझा आवाज आधी ठेवलाय."

नथूबाबाही त्याच वेळी म्हणत होते, "आपला पयला हाय. बरोबर केलंय बाईनं."

स्वप्नानं तोंडावर रुमाल धरला.

मग दोघांचे दुसरे आवाज सुरू झाले. लुईसकाका ताठ बसून ऐकत होते. सतराव्या हाताच्या ओल्या मातीचं आलं असावं तेव्हा त्यांचा हात टेबलावर थांबला. ते उठले नाहीत. नथूबाबा पुढे झुकून, कानावरचा हेडफोन हातानं दाबून ऐकत होते. एकदम त्यांनी तो काढला आणि शेजारी वळले.

"लुईस," ते म्हणाले.

लुईसकाकांना ऐकू गेलं नाही. नथूबाबांनी त्यांच्या कोटाच्या बाहीला धरून हलवलं. लुईसकाकांनी हेडफोन काढला.

"लुईस, हा आमच्या बैलाचा आवाज काढलास तू."

"काय?"

"कुईं, कुईं, कुट्. तुमचा बैल सरल चालायचा. त्याचा रहाट नुसता कुईं कुईं वाजायचा. कुट् व्हायचं ते आमच्या धवल्याच्या पायानं. तो मागच्या पायानं लंगडायचा. चाक तिथं अडकायचं."

लुईसकाकांनी ओठांतल्या ओठांत तो आवाज पुन्हा काढून बघितला. कुईं, कुईं, कुट्.

"ढवळ्या नव्हे," ते शेवटी म्हणाले. "लंगडा होता तो मोऱ्या. ढवळ्या त्याच्या नंतरचा. तुझ्या बापानं सफाळ्याच्या बाजारातून आणला तो."

"मोऱ्याला मी चार वरसाचा असताना इकला! तुला काय आठवतंय?"

"मला नाही आठवत? मी त्याच्या पाठीवर बसून फिरायचो रहाटाभोवती. तुला भीती वाटायची म्हणून तू काठावर रडत बसायचास."

"मी रडायचो?"

"मग कोण?"

विनीनं स्वप्नाकडे बघितलं. स्वप्ना पुढे झाली, दोघांच्या मधे वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, बाबा, हे टेप केलं तर चालेल का?"

"कर की," लुईसकाका म्हणाले. "ह्याला कळू दे एकदा."

"कर, कर," नथूबाबा म्हणाले. "पोरांना खरं कलू दे."

पस्तीस मिनिटं ते भांडले. बैलाच्या रंगावरून, पायावरून, कुणाच्या आईनं कुणाला सुकेळी दिली होती त्यावरून. विहिरीचं नाव एकदाही निघालं नाही. विनीचा नाच राहून गेला, तिला बोलवायला आलेली मुलगीसुद्धा ऐकत तिथेच खाली बसली. शेवटी नथूबाबांना धाप लागली तेव्हा लुईसकाकांनी उठून त्यांना माठातलं पाणी आणून दिलं.

ह्यानंतर दोन्ही घरं गळ्यात गळे घालून राहू लागली असं मी सांगणार नाही. विहीर कुणाची हे आजही ठरलेलं नाही. पण त्या वर्षी मे महिन्यात नथूबाबांच्या नातवाच्या हळदीला लुईसकाका बायकोला घेऊन गेले, आणि जेवून आले. मी माझ्या हातानं चाकापुढचं कार्ड बदललं. 'रहाटाचे चाक. आगाशी. विहीर सामाईक.' फडताळात रहाटाच्या खणात आता तीन आवाज झाले. तिसऱ्याला मुलांनी नाव दिलं, 'बैल कोणता?' सगळ्यात जास्त वेळा तोच उघडला जाई.

बोलकं फडताळ पुढे बरंच हिंडलं. वसईतल्या आणखी चार शाळांनी ते घेतलं, एका चर्चच्या आवारातल्या छोट्या संग्रहालयानं घेतलं. शहरातून एक गृहस्थ आले होते, त्यांना ते मोठ्या प्रदर्शनासाठी हवं होतं, पण प्रत्येक वस्तूला एकच, तज्ज्ञाचा, शुद्ध भाषेतला आवाज हवा अशी त्यांची मागणी होती. "पानी वगैरे ऐकायला बरं वाटत नाही," ते म्हणाले. सव्वीस वर्षं पोरांच्या वहीतलं 'पानी' लाल शाईनं खोडणारी मी तिथेच बसले होते. त्यांना उत्तर मीच दिलं. "साहेब, पानी खोडलंत तर विहीर कोरडी पडेल." स्वप्ना नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे बघून हसत होती.

२००६ मध्ये मी निवृत्त झाले. घरी बसायचा माझा विचार नव्हता, आणि स्वप्नानं तो करूही दिला नाही. तिला तुळिंजच्या एका शाळेत फडताळ लावायचं होतं. इमारतींच्या दाटीत तीन मजल्यांची शाळा, पटांगण नाही, तिसरीच्या वर्गात सत्तर मुलं. मुलांचे आईवडील कोकणातून, देशावरून, थेट उत्तर प्रदेशातून आलेले. मी तिथे उभी राहून सवयीनं म्हणाले, "घरातली एखादी जुनी वस्तू घेऊन या." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक मुलगी, खुशी, उठून म्हणाली, "टीचर, हमारे घर में जुनं काहीच नाही. बिल्डिंगच सहा वर्षांची आहे."

मी गडबडले. स्वप्ना बाकावरून म्हणाली, "जुनं राहू दे. रोज हातात असतं असं काही आणा."

दुसऱ्या दिवशी शत्रुघ्न नावाचा मुलगा गवंड्याची थापी घेऊन आला. मूठ पार गुळगुळीत झालेली. त्याचे वडील संध्याकाळी, दुपारची शाळा सुटायच्या आत, कामावरून तसेच आले, कपड्यांवर सिमेंट, हातात डबा. खुर्चीवर बसायला ते तयार होईनात, खुर्ची खराब होईल म्हणून. स्वप्नानं स्वतःची ओढणी खुर्चीवर पसरली. तेव्हा ते बसले.

शत्रुघ्ननं प्रश्न विचारला आणि तो मोजू लागला. वडील माइककडे बघत होते, मग खोलीकडे बघायला लागले, कोपऱ्यांकडे, छताकडे.

"ह्या खोलीचं प्लास्टर मीच केलंय," ते म्हणाले. "नव्व्याण्णव साली. ती समोरची भिंत दुपारून केली, ऊन तिकडून यायचं म्हणून. हाताखाली ह्याची आई होती. हा तेव्हा पाळण्यात, तिथे, त्या खिडकीला साडी बांधली होती."

सत्तर मुलं एकदम वळली. मग पहिल्या बाकावरची दोघं उठली आणि भिंतीला हात लावून बघायला लागली, आणि त्यांच्यामागे रांग लागली. कुणी सांगितलं नव्हतं. मीही त्या रांगेत उभी राहिले.